रोकडेनाना आणि एक थेंब

रोकडेनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्या घराच्या खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत होते. डोकं, दोन हात आणि घामाने चिंब बनियन एवढे नाना बाहेर. उरलेले नाना आत. मी नुकतीच मुरबाडजवळच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले होते. हातात हजेरीपट, डोक्यावर भर दुपारचं ऊन, आणि वाटेत हे असं. मी जागच्या जागी थांबले. ते मात्र आपली कचेरीतच भेट झाल्यासारखे शांतपणे म्हणाले, "जयभीम बाई. शाळेत नवीन आलात ना? जरा मला ओढता का?"

"अहो, पण दारातून का नाही येत?"

"दाराला कडी मीच बसवली. आज सकाळी. आता ती आतून उघडत नाही."

"मग बाहेरून उघडते मी."

"बाहेरून उघडायची सोय अजून केलेली नाही. ते उद्याच्या कामात आहे."

तेवढ्यात शेजारची बायजाक्का डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तिने भारा टाकला, नानांचा एक हात धरला, मला म्हणाली, "बघतेस काय गो बाई, दुसरा धर की!" आम्ही दोघींनी पाय रोवून जोर लावला. नाना आले, आणि नानांच्या कमरेला अडकून खिडकीची चौकटसुद्धा आली. आम्ही तिघं अंगणात आडवे. नाना कमरेला चौकट घेऊन उठून बसले आणि म्हणाले, "ही पण मीच बसवली होती. काल." मग कानावरचा खडू काढून त्यांनी चौकटीवर लिहिलं, 'खिडकी क्र. ३. पुन्हा बसवणे.' हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. नव्या गावात जीव रमेल की नाही याची मला फार काळजी होती, ती त्या दुपारी मिटली.

नाना ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. सगळी नोकरी फडक्यात बांधलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये गेली आणि संसार कल्याणच्या दोन खोल्यांत. रिटायर झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत हातोडा, पाणसळ आणि खडूचा डबा घेऊन ते गावी आले आणि वडिलांच्या कुलूप पडलेल्या घरावर तुटून पडले. सुतार नको, गवंडी नको. का, तर म्हणे, "जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे कागद लावले. आता एक काम मी करणार आणि त्याचे कागद मीच लावणार."

कचेरी सुटली तरी वर्गवारी काही सुटली नव्हती. सरकारी रेकॉर्डला चार वर्ग असतात हे मला नानांकडून कळलं. अ वर्ग म्हणजे कायम जतन, काही झालं तरी नष्ट करायचं नाही. ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे त्याहून थोडी, आणि ड म्हणजे वर्षाच्या आत रद्दी. घरातल्या एकूण एक वस्तूवर नानांनी खडूने अक्षर टाकलं होतं. आढ्याला पाळणा टांगायची कडी होती, ती अ. आईचं जातं, अ. मोडकी फडताळं क. स्वतः बसवलेल्या त्या दाराच्या कडीवर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे ड लिहिलं होतं. एकदा मी नेलेल्या पोह्यांचा वर्ग विचारला, तर एक घास खाऊन, डोळे मिटून म्हणाले, "क. पण बढतीला वाव आहे." मी बशी उचलून परत निघाले तेव्हा माझ्यामागे फाटकापर्यंत पळत आले.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होत्या शांतामावशी, म्हणजे नानांच्या पत्नी. त्या दर रविवारी कल्याणहून एसटीने डबा घेऊन यायच्या, पदर खोचून घरभर फिरायच्या, प्रत्येक भिंतीवर बोट फिरवून बघायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. नाना त्यांना 'साहेब' म्हणायचे. शनिवारीच मला आणि बायजाक्काला बजावायचे, "उद्या साहेबांची तपासणी आहे हां, गंमत नाही."

मावशींचा या घरावर जुना राग होता, आणि तो खरा होता. लग्न होऊन त्या इथेच आल्या होत्या. पहिलं बाळंतपण इथे, ऐन आषाढात. घर इतकं गळायचं की सासूने बाळावर सूप धरलं आणि नणंदेने मावशींच्या डोक्यावर टोपलं. "अख्खी रात टोपल्याखाली काढली बाई," त्या मला म्हणाल्या, "तवाच ठरवलं, परत या कौलांखाली पावसाळा काढायचा नाय म्हंजे नाय." आता नवऱ्याने हट्टच धरला म्हणून त्यांनी एक पावसाळा राहून बघायचं कबूल केलं होतं, पण अटीवर. नानांनी ती अट कचेरीच्या भाषेत लिहून, त्यावर दोघांच्या सह्या घेऊन, खळीने दारामागे चिकटवली होती:

'सदर घरात पावसाळ्यात पाण्याचा एक जरी थेंब पडल्याचे आढळून आल्यास सौ. शांताबाई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने कल्याणला परत जातील व सदर घर विनातक्रार विकण्यात येईल.'

"विकायचं कशाला हो नाना?" मी विचारलं. "मावशी गेल्या तर जातील. तुम्ही राहा की."

ते भिंतीला गिलावा करत होते. थापी हातात तशीच राहिली. "एकटा राहून काय करू? पस्तीस वर्षं आम्ही घड्याळाला बांधलेली माणसं. पहाटे डबा, मी गाडीला, ती पाण्याच्या रांगेत. दोघांनी बसून सकाळचा चहा घेतलाय असं कधी झालंच नाही. मला तिच्यासोबत या ओट्यावर बसून सिद्धगडाकडे बघत चहा प्यायचाय. बस. ती नसली तर त्या डोंगराचं मी काय करू?" एवढं बोलून ते लाजले आणि थापीने भलतीकडेच गिलावा मारायला लागले.

मग स्लॅब का टाकत नाही, हे गावातल्या प्रत्येकाने विचारून झालं होतं. पण ती कौलं नानांच्या वडिलांनी जमवलेली. आधी त्या वस्तीत सगळी गवताची छपरं. कुणी घर उतरवलं की नानांचे वडील तिथे मजुरीला जायचे आणि बदल्यात जुनी कौलं मागून आणायचे, डोक्यावरून, आज दहा, उद्या पंधरा. अशी कित्येक वर्षं जमवून वस्तीतलं पहिलं कौलारू घर उभं राहिलं. त्यामुळे कौलं चार तऱ्हेची, एकाचा काठ दुसऱ्यात नीट बसेल तर शपथ. नानांनी त्या सगळ्यांना सरसकट अ वर्ग दिला होता. त्यावर वाद नाही.

कौलांआधी अंगण झालं. आमच्याकडे मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचा आणि मग बायका ओळीने बसून चोपण्याने चोपतात. बायजाक्काने जन्मभर दुसऱ्यांची अंगणं चोपलेली. पण नाना तिला हात लावू देईनात. दर दोन हातांवर पाणसळ ठेवून, पोटावर पालथं पडून, एक डोळा मिटून, आठ दिवसांत त्यांनी असं काही सपाट अंगण केलं की पाणसळ कुठेही ठेवली तरी तिचा बुडबुडा मधोमध. रविवारी मावशी आल्या. त्यांनी पाय धुवायला घंगाळभर पाणी ओतलं. ते पाणी इकडे जाईना, तिकडे जाईना. होतं तिथेच बसलं.

बायजाक्का कुडाजवळून बघत होती. "नाना," ती म्हणाली, "पान्याला उतार लागतो रे! तुज्या अंगनात तं पानी हापिसात बसल्यासारखं बसलंय!"

मावशींनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते म्हणून कळलं. नानांनी डबक्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि चोपणं दोन्ही हातांनी बायजाक्कापुढे धरलं. पुढच्या आठवड्यात तिने नुसत्या नजरेने उतार काढला. पाणी ओतलं की सरळ आळूच्या वाफ्यात. नाना पोराटोरांना बोलावून तांब्या-तांब्याने पाणी ओतून दाखवत होते.

पौषात म्हसा गावची गुरांची जत्रा भरली. नानांना हवा होता दोर, शिडी बांधायला. आले ते बैलाच्या गळ्यातली भलीमोठी घंटा घेऊन. "फाटकाला लावणार. पाहुण्याने वाजवायची. इलेक्ट्रिकची बेल लाइट गेली की मुकी." घंटा लागली. आवाज असा खणखणीत की शाळेतल्या पोरांना मधली सुट्टी झाल्यासारखं वाटायचं. पण पोरांपेक्षा बायजाक्काच्या गाईला ती जास्त आवडली. घंटा ऐकली की गाईला वाटे, कळप इकडेच आहे. पोस्टमनने घंटा वाजवली, गाय आत. मी वाजवली, गाय आत. मोगरा गेला, तगर गेली. शेवटी मावशींनी खास कल्याणहून आणून लावलेली गुलाबाची काडीही गेली, तेव्हा नानांनी फाटकावर पाटी लावली: 'कृपया घंटा वाजवू नये. हाक मारावी.' घंटा मात्र काढली नाही. तिच्यावर अ लिहून झालं होतं ना!

वैशाखात खरी परीक्षा आली. कौलं चाळायची म्हणजे अख्खी आळी रांगेत उभी राहते. एकजण छपरावर, एकजण शिडीवर, बाकीचे खाली. कौलं हातोहात उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, कचरा झाडायचा, कौलांखालच्या कुजलेल्या लाकडी रिपा बदलायच्या आणि कौलं पुन्हा चढवायची. नानांनी आधीचे पंधरा दिवस घरात स्टुलावर उभं राहून प्रत्येक कौलाच्या पोटाला खडूने नंबर टाकला. एक ते बाराशे चाळीस. मान कायमची वाकडी होते की काय असं झालं. पण हिशेब बिनतोड होता. तऱ्हेतऱ्हेची कौलं, जे जिथे वर्षानुवर्षं बसलंय ते तिथेच परत बसलं, तर गळणार नाही.

दुपारपर्यंत सगळी कौलं नंबरवार अंगणात रचून झाली. नाना रिपा आणायला टेंपोने मुरबाडला गेले. मी शाळेत नव्या वर्षाचे पट तयार करत होते. इकडे बायजाक्काला आणि आळीतल्या बायकांना नानांची दया आली. एकटा माणूस, एवढा राबतो, आणि कौलं बघा किती कळकट! त्यांनी कौलं विहिरीवर नेली. काथ्या घेतला, राख घेतली, आणि बाराशे चाळीस कौलं चहूबाजूंनी लख्ख घासली. वर उन्हात वाळवून, लहान-मोठी निवडून, सुरेख ढीग लावले.

मी आणि नाना एकाच वेळी फाटकात पोचलो. बायजाक्का ओल्या लुगड्याने, तोंडभर हसत उभी. "बघ नाना! नवी कोरी वाटतात का नाय?"

मी हळूच विचारलं, "अक्का, आणि नंबर?"

"कसलं नंबर? आमाला वाटलं तुज्या शाळंतल्या पोरांनी खडू फिरवलाय!"

नाना तडक आत गेले, दारामागच्या कागदासमोर उभे राहिले. मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. मी मागून गेले तर त्यांचे ओठ थरथरत होते. ते रडताहेत असं वाटून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी नाना फुटले. असे हसले, असे हसले की भिंतीला धरून खाली बसले. "बाई," श्वास घेत म्हणाले, "पस्तीस वर्षांत माझ्या रेकॉर्डला कुणी इतक्या प्रेमाने आग लावली नव्हती!"

बायजाक्काला काय झालं ते समजलं तेव्हा ती कावरीबावरी झाली. मग एक कौल उचलून तिने कानाशी धरलं आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. "नाना, आइक. कौल बोलतं. टण्ण केलं तं धड. थड केलं तं चिरलेलं." त्या दिवसापासून तीन दिवस नाना छपरावर आणि बायजाक्का शिडीवर. प्रत्येक कौल वाजवायचं, लावून बघायचं, नाही बसलं तर दुसरं. "टण्ण?" "टण्ण!" "थड?" "थड!" असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चौथ्या दिवशी छप्पर पुरं झालं आणि खाली सात धड कौलं उरली. "घर आखडलं का रे?" बायजाक्का म्हणाली. नानांनी सातही कौलं माळ्यावर ठेवली आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

मावशी मृगाच्या आदल्या दिवशी आल्या. एकच पिशवी. दोन लुगडी आणि परतीच्या गाडीची वेळ लिहिलेली चिठ्ठी. मग पाऊस लागला तो आमच्याकडे लागतो तसाच, आठ-आठ दिवस खळ नाही. नाना रोज सकाळी दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक शून्य काढायचे. त्या दिवशी थेंब शून्य. दहा शून्यं झाली, वीस झाली. मी दिसले की ओट्यावरून ओरडायचे, "बाई, शून्य!" आणि शेजारी मावशी, मांडीवर चहाची बशी, समोर ढगात अर्धा बुडालेला सिद्धगड. मला इतका आनंद व्हायचा की मी छत्री मिटून उगीच भिजत उभी राहायचे.

आषाढातच मी एकदा त्यांच्याकडे वाल द्यायला गेले. नाना ओट्यावर. मावशी स्वयंपाकघरात नव्हत्या. मी मागच्या खोलीत डोकावले, तर भाताच्या कणगीमागे त्या गुडघ्यावर बसून काहीतरी पिळत होत्या. पुढे एक पातेलं. पातेल्यात घडी घातलेलं जुनं फडकं. वरून थेंब पडत होता आणि फडक्यात मुरत होता, आवाज न करता.

मी "अगं बाई" म्हणणार तोच मावशींनी माझ्या तोंडावर ओला हात ठेवला.

"पहिल्या दिवसापासून गळतंय," त्या कुजबुजल्या. "नुसतं पातेलं ठेवलं तं टपटप वाजायचं. त्यांना ऐकू गेलं असतं."

"पण मावशी, तुमची एसटी?"

"जळली ती एसटी! अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, या मानसाला मी असं हसताना कधी बघितलाच नाय. मला ठाऊकच नव्हतं हा असा हाय. आता एका थेंबापायी ह्याला परत त्या दोन खोल्यांत नेऊन बसवू? मला नाय जमायचं." त्यांचे डोळे भरून आले, लगेच रागाने पुसले. "आनि बाई, याची कुठं नोंद झाली नाय पायजे हां."

मी शब्द दिला. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला नानांनी आम्हा सगळ्यांना खिरीला बोलावलं. बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि दारामागचा कागद काढून समोर ठेवण्यात आला. मावशींनी गंभीर चेहऱ्याने त्यावर सावकाश लिहिलं, 'तपासले. थेंब आढळला नाही.' सही. मग नाना म्हणाले, "साक्षीदार म्हणून बाईंची सही." रोज पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणारी मी, मी खाली मान घालून धडधडीत खोट्यावर सही ठोकली. नानांनी कागदावर फुंकर मारली आणि अ वर्ग दिला. पुढच्या रविवारी कल्याणचं बाकीचं सामान टेंपोने आलं.

पुढे माझी बदली शहापूरकडे, तानसाच्या बाजूला झाली. तरी वैशाखात कौलं चाळायच्या दिवशी मी न चुकता जायचेच. नानांना मी शेवटचं पाहिलं ते असंच, छपरावर. सत्तरी उलटून गेलेली, गुडघे बोलायला लागलेले, पण वर दुसऱ्या कुणाला चढू देतील तर ना. मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून कौलं त्यांच्या हातात देत होते. बायजाक्का खाली. मावशी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करत होत्या.

मागच्या खोलीच्या छपराशी आलो. नानांनी बाजूला रचलेल्या ढिगातून मी एक कौल उचललं. मधोमध केसासारखी चीर. सवयीने मी टिचकी मारली. थड.

"नाना, हे चिरलंय. माळ्यावरचं राखीव एक देऊ का?"

नानांनी आधी खाली वाकून बघितलं, मावशी कुठे आहेत ते. मग तोंड माझ्या कानाजवळ आणलं. "माहीत आहे. पहिल्या पावसात, तिसऱ्याच दिवशी, मी कणगीमागे कोयता शोधायला गेलो होतो."

मी शिडी घट्ट धरली. "म्हणजे ती शून्यं? तो कागद? माझी सही?"

"तुमची सही छान आली होती," नाना म्हणाले. "बाई, एवढ्या वर्षांत किती वेळा वाटलं, बदलावं. पण बदललं तर तिला कळणार की मला कळलं होतं. दर पावसाळ्यात ती ते फडकं माझ्यापासून लपवून परसात वाळत घालते. लपवताना काय खुशीत असते! मी आपला ओट्यावर बसून डोंगराकडे बघतो." त्यांचा चेहरा हसऱ्या पोरासारखा होता. त्यांनी माझ्या हातातलं कौल घेतलं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. पोटाला तैलरंगाने, कुणी कितीही घासलं तरी जाणार नाही असं, एकच अक्षर होतं. अ.

मग त्यांनी ते कौल होतं तिथे, होतं तसंच, काठ जुळवून बसवलं.

खालून मावशींची हाक आली, "अहो, चहा झालाय! आनि नीट बघितलंत ना? एखादं फुटकं नाय ना राहिलं?"

नानांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "एक पण नाय, साहेब!"